चालू डिस्क, राखीव डिस्क

ता. १२ जानेवारी

चि. खडू हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाऱ्याने तुझी छत्री उडवून थेट समुद्रात नेली हे वाचून तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढे लिहायचं आहे ते ह्या ठसक्याबद्दलच, म्हणून आधी नीट बैस.

दोन महिने तिचा आवाज जड झाला होता. सर्दी असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मागच्या सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की घशाच्या नसा दुबळ्या होत चालल्या आहेत. हातपाय पुष्कळ दिवस साथ देतील, पण आवाज पाच-सहा महिन्यांत जाईल. औषध नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे न बघता तेच सांगितलं.

तिथल्या वाचातज्ज्ञ बाईंनी मात्र एक वाट दाखवली. त्यांनी बाराशे वाक्यांची यादी दिली आहे. आवाज चांगला आहे तोवर आईने ती माइकसमोर वाचायची. त्यावरून त्यांचं मशीन तिचा आवाज बनवतं, मग तिने टाइप केलं की ते तिच्यासारखं बोलतं. यादी पूर्ण हवी, अर्धवट घेत नाहीत. आईने पहिल्या दिवशी चाळीस वाक्यं वाचली आणि आपला जुना लॅपटॉप त्यातली अकरा गिळून बसला. त्याच्या डिस्कने आता मान टाकायची तयारी केली आहे.

म्हणून मी घरात एक पक्की पेटी बांधायची ठरवली आहे, सर्व्हर का काय म्हणता ते. दुकानदार म्हणतो इंटरनेटवर ठेवा. चौतीस वर्षं पंपहाउसात काढली, दुसऱ्याच्या टाकीत आपलं पाणी ठेवायची मला सवय नाही. काय काय घ्यायचं ते सविस्तर लिही. तुझ्या बेटावरच्या हवामान केंद्रातून तारेने फक्त वारा आणि हवेचा दाब बोलतात, माणसं नाहीत, तेव्हा बोटीच्या टपालावरच भिस्त आहे.

आईचा निरोप असा की धावत यायचं नाही. वर्षाचा करार केला आहेस तो पुरा कर. ऑक्टोबरात येशील तोवर ती आपला आवाज कपाटात बसवून ठेवणार आहे म्हणे. सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही.

कळावे. छत्री गेली तरी आमचे आशीर्वाद डोक्यावर आहेत.
तुझे बाबा


ता. २८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र धक्क्यावरच उघडलं आणि तिथेच दोरखंडाच्या गुंडाळीवर बसून राहिले. आमचे केंद्रप्रमुख दोनदा हाक मारून गेले म्हणे, मला ऐकू आलं नाही. आईसाठी काय करावं ते सुचत नाही. डिस्कबद्दल तेवढं सुचतं, म्हणून तेच लिहिते.

पेटी साधी पण हवा खेळेल अशी घ्या. प्रोसेसर भारी नको, कमी वीज खाणारा बघा, त्याला अष्टौप्रहर जागायचं आहे. रॅम आठ जीबी पुष्कळ झाली. पॉवर सप्लायमध्ये मात्र चिकटपणा करू नका आणि सोबत यूपीएस घ्या. डिस्क दोन हव्यात, एकाच मापाच्या, पण वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क बहुधा एकदमच आजारी पडतात. दोन्ही मिळून मिरर करायचं, म्हणजे एकीवर लिहिलं की त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी हजर.

कोणती तार कुठे जाते आणि काय दाबायचं ते वेगळ्या कागदावर क्रमाने लिहिलं आहे. डिस्कवर मार्करने १ आणि २ घाला. एक नंबर मुख्य. मशीनने कधी विचारलंच की कुठून कुठे कॉपी करू, तर एकवरून दोनवर.

एक प्रत मला पाठवा असं लिहिणार होते. पण कुणाच्या तरी कार्डातून व्हायरस येऊन इथले वर्षभराचे आकडे नासले, तेव्हापासून कार्ड, डिस्क, फोन सगळं धक्क्यावरच काढून घेतात. आईचा आवाज मला इथे ऐकता येणार नाही.

आईला सांगा, यादी वाचताना मधेच टिंगल करायची नाही, मशीन बिघडेल. लोभ तुमच्या पंपासारखा न थांबता वाहू दे.
आपली,
खडू


ता. १७ फेब्रुवारी

चि. खडू हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पेटी चालू झाली! काळी, पत्र्याची, आई तिला कोळसा म्हणते.

दुकानात मी तीन पॉवर सप्लाय हातात तोलून बघितले. दुकानदार म्हणाला की काका, हा भाजीपाला नाही. मी म्हटलं, आत तांबं असेल तर वजन लागणारच. सगळ्यात जड होता तो घेतला. प्रोसेसरवर ती पांढरी पेस्ट वाटाण्याएवढी लावायची असं तू लिहिलंस. मी चांगली थापली, ती कडेने बाहेर आली आणि मग इअरबडने पुसत बसलो. दोन्ही डिस्क बसवल्या, नंबर घातले, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. अर्धा दिवस मी तारा काढतोय, घालतोय. शेवटी आईने येऊन यूपीएसचं बटण दाबलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली. आवाज जपते आहे, असं तिने नंतर सांगितलं.

पंख्याची घरघर माइकमध्ये येऊ लागली, म्हणून पेटी आता चपलांच्या कपाटात आहे. गरम होऊ नये म्हणून कपाटाचं दार काढलं. चपला बोळकांडीत रांगेने उभ्या असतात, येणाऱ्याला वाटतं घरात सभा आहे.

दोनशे ऐंशी वाक्यं झाली. दहा वाचायची, मग विश्रांती, असं चाललं आहे. यादीची सुरुवात सगळी गरजांची आहे. मला थोडं पाणी हवं आहे, खिडकी बंद करा, मला इथे दुखतं आहे. आई म्हणते, ही यादी करणाराला बायकोने फार छळलेलं असणार. पण शंभर वाक्यं झाली की तिचा 'र' घसरतो, तो मला पेटीतून ऐकताना कळतो. समोर बसून ऐकताना मला तो कळत नव्हता.

आमचं बरं चाललं आहे असं समज. इकडची माया आहे तशीच आहे.
तुझे बाबा


ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र इथल्या दोघांनाही वाचून दाखवलं. पॉवर सप्लायचं वजन करणारा माणूस त्यांनी आजवर पाहिलेला नाही, मी म्हटलं मी पाहिला आहे.

आता एक गोष्ट मनावर घ्या. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवर चूक झाली की ती चूकसुद्धा त्याच क्षणी दुसरीवर जाते. म्हणून पेटीच्या बाहेर, वेगळ्या खोलीत, एक प्रत असायलाच हवी. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

शेवटची बोट तीस मेला सुटते. मग समुद्र खवळतो आणि सप्टेंबरपर्यंत इथे कुणी येत नाही, कुणी जात नाही. मी तीस मेच्या बोटीने यावं असं मला रोज सकाळी वाटतं. मी निघाले तर इथे तिघांचे दोघे उरतील आणि पहाऱ्यांची वाट लागेल. पण तो तुमचा प्रश्न नव्हे. आईला काय हवं आहे ते खरं खरं कळवा.

तुमच्या दोघांचा लोभ इथे वाऱ्यातही उडत नाही, तो तसाच धरून ठेवा.
आपली,
खडू


ता. २१ मार्च

चि. खडूला तिच्या आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू मला काय हवं ते विचारलंस, ते ह्यांना विचारून उपयोग नाही, म्हणून मीच लिहिते. तू यायचं नाहीस. आलीस तर समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहशील आणि रोज किती बिघडलं ते मोजशील. एक माणूस ते करतं आहे, तेवढं पुरे. माझा आवाज पेटीत साठतो आहे, आणि तिथे तो आजच्यापेक्षा चांगला आहे.

यादी कंटाळवाणी आहे, म्हणून ह्या आठवड्यापासून मी रोज तिच्यामागे थोडं माझं घालते. तुला लहानपणी कशी रागवायचे ते घातलं. तू खडू खाल्लास आणि बाईंनी मला शाळेत बोलावलं, ती सगळी गोष्ट घातली. ह्यांची नक्कल केली आहे. तू आल्यावर एकटी ऐक, ह्यांना देऊ नकोस.

तुझ्या त्या बाहेरच्या प्रतीवर ह्यांनी तोडगा काढला. मागच्या रविवारी एक नंबरची डिस्क पेटीतून काढली, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळली आणि लोखंडी कपाटात ठेवली, डांबरगोळ्यांसकट. दोन नंबर एकटी चालते आहे. कपाटातलीला कसर लागेल का, ते कळव.

लोभ तर आहेच, तो काय लिहून मागायचा.
तुझी,
आई

ता. क. खडू, तिसरी डिस्क कशाला? पंपहाउसाचा नियम आहे, एक चालू आणि एक राखीव. राखीव मात्र महिन्यातून एकदा चालवून बघायचा, नाहीतर जाम होतो. ते मी लक्षात ठेवलं आहे. बाबा.


ता. ८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या पत्राने खूप हसले आणि तुमच्या ता. क.ने माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबा, एक नंबर परत पेटीत घालू नका. चालवून बघायलासुद्धा नको. ती तुम्ही काढलीत त्या रविवारी थांबली आहे, त्यानंतर आईने वाचलेलं सगळं फक्त दोनवर आहे. आता दोन्ही एकत्र आल्या तर मशीन विचारेल की कुणाचं खरं धरू. आणि मी तुम्हाला एकवरून दोनवर असं लिहून बसले आहे. ती ओळ खोडा. तिसरी डिस्क आणा, दोनवरचं तिच्यावर उतरवा, तोवर काही हलवू नका.

ही एक ओळ तारेने पाठवा म्हणून केंद्रप्रमुखांच्या पाया पडायचंच मी बाकी ठेवलं. नियम असा की घरी कुणी वारलं तरच खासगी निरोप जातो. हे पत्र तुमच्या हातात पडायला दहा-बारा दिवस तरी लागतील. तुमचा महिना कधी भरतो ते मी बोटांवर मोजते आहे.

सगळं ठीक असेल तर आईचं ऐकेन आणि बोट सोडेन. काही बिघडलं असेल तर तीस मेला निघेन, आवाज आहे तोवर पोचेन. तुमचा शब्द येईल त्याप्रमाणे करते.

तुमच्या लोभावर विसंबून,
खडू


ता. २६ एप्रिल

चि. खडू हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. तू सांगितलंस तसंच केलं आहे. एक नंबर कपाटात आहे, हात लावलेला नाही. तिसरी डिस्कही आणली. यादीची हजारावर वाक्यं झाली. आवाज सगळा नीट आहे, काळजी करू नकोस.

करार पुरा कर. आईची तीच इच्छा आहे. इकडे उकाडा आहे.

आशीर्वाद.
तुझे बाबा


ता. ३० मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र शेवटच्या बोटीच्या खलाशाच्या हातात देते आहे. त्याने विचारलं की तुमची बॅग कुठे आहे, मी म्हटलं मी येत नाही. तुमचं पत्र खिशात होतं म्हणून इतक्या ठामपणे म्हणता आलं.

आईला सांगा, आल्याबरोबर एकटी बसून सगळं ऐकणार आहे. सप्टेंबरपर्यंत पत्र नाही, तोवरचा लोभ आताच एकदम मागून घेते.
आपली,
खडू


ता. २२ जून

चि. खडू हिस,
आशीर्वाद देतो, घ्यायचे की नाही ते पत्र संपल्यावर ठरव.

हे बंदरावरच्या टपालात पडून राहील आणि सप्टेंबरात तुला मिळेल. ते माहीत असल्यामुळेच लिहायचं धाडस झालं.

मी खोटं लिहिलं. तुझं पत्र एकवीस एप्रिलला आलं. मी एक नंबर चौदालाच घातली होती. महिना भरला होता आणि मला वाटलं, राखीव जाम होईल. पडद्यावर प्रश्न आला की दोन्ही जुळत नाहीत, कुठून कुठे उतरवू. मी एकवरून दोनवर दाबलं. चार तास दिवे लुकलुकत होते आणि मी समोर स्टुलावर समाधानाने बसलो होतो. शेजारच्या खोलीत आई वाचायची थांबली होती, कारण मी तिला सांगितलं होतं की आज पेटीची साफसफाई आहे.

दुसऱ्या दिवशी बघतो तर चारशे दहाच वाक्यं. सहाशे तीस गेली. तिने स्वतःचं म्हणून जे काही घातलं होतं ते सगळं गेलं. दोन्ही डिस्क हुबेहूब सारख्या आहेत, एकीत नाही ते दुसरीतही नाही.

मग तू म्हणशील, तेव्हाच का नाही कळवलं? कळवलं असतं तर तू तीस मेच्या बोटीने आली असतीस आणि तेव्हा आईचा आवाज होता. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. डिस्क दुरुस्त करणारा एक जण म्हणाला की पुसलेलं निघतं, पंधरा दिवसांत काढून देतो. मी त्याच्या शब्दावर तुला शब्द दिला. पंधराचे तीस झाले. तीस मेला सकाळी त्याने डिस्क परत दिली आणि हात वर केले. मी तिथेच बाकावर बसलो. तुझी बोट सुटायला तेव्हा चार तास होते, आणि ते चार तास मी नुसतं घड्याळ बघितलं.

आता तिचं बोलणं मलाच कळतं, इतरांना कळत नाही. वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या की हा आवाज मशीन घेणार नाही. तरी आई रोज सकाळी यादी घेऊन माइकसमोर बसते, राहिलेली वाक्यं पुन्हा म्हणते. मी तिला खरं सांगितलेलं नाही. यादी काही कारणाने पुन्हा करायला सांगितली आहे, एवढंच सांगितलं.

दोष तुझ्या कागदाचा नाही, मी तो नीट वाचला नाही. मला काही माग असं म्हणायला जागा नाही.
तुझे बाबा


ता. १२ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज पहिली बोट आली. पत्रांचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावून वाचला.

मी रागावले आहे. दुपारभर खडकावर उभी राहून वाऱ्यात तुमच्यावर ओरडले, आता घसा बसला आहे. सहाशे तीस वाक्यांसाठी नाही रागावले. तीस मेसाठी रागावले. जूनमधला आईचा जडलेला आवाजसुद्धा मला चालला असता, बाबा. तो मी कुठून आणू?

आणि तुम्ही कागद नीट वाचला नाही असं जे लिहिलंत, तेही खोटं आहे. तुम्ही तो अक्षर न अक्षर वाचलात. एकवरून दोनवर, हे माझ्याच हाताने लिहिलं होतं. वर्षभर लोकांना वादळाचे इशारे देण्याचं काम करते आणि घरी इशारा द्यायला मला सव्वा महिना लागला. तुम्ही माझी चूक पोटात घातलीत. ते मला नको आहे, ती माझी मला द्या.

बदली माणूस आला आहे. पंचवीसच्या बोटीने निघते, बंदरावर उतरून तिथल्या टपालात चौकशी करीन, दोन शब्द असतील तर तिथे पाठवा. दिवस मावळला तरी तुम्हाला समजावण्याचे शब्द मला अजून सापडत नाहीत. लोभ मात्र कमी झालेला नाही, तो कमी करून बघितला.
आपली,
खडू


ता. २३ सप्टेंबर

चि. खडूला आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि टेबलावर उघडंच ठेवून बाहेर गेले. मी वाचावं म्हणूनच ठेवलं असणार, तोंडाने सांगवत नव्हतं. मला सगळं एप्रिलपासून माहीत आहे. ज्या दिवशी ते स्टुलावरून उठले त्या दिवशीच त्यांचा चेहरा बघून कळलं. मी यादी पुन्हा वाचत बसले ती मशीनसाठी नाही. मी माइकसमोर बसले की हे बाजूला येऊन बसायचे आणि तासभर त्यांना बरं वाटायचं. ऑगस्टच्या सहा तारखेनंतर तेही थांबलं, आवाजच उरला नाही. शेवटी मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी साधंच असेल.

आता हे सकाळी पेटी लावतात. राहिलेल्या चारशेत सगळ्या मागण्याच आहेत. पेटी माझ्या आवाजात म्हणते, मला थोडं पाणी हवं आहे, आणि हे उठून खरोखर पाणी आणून माझ्यासमोर ठेवतात. मला तहान नसते. मी पिते.

त्यांना बोलू नकोस. चूक तुझी का त्यांची, हा हिशेब तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून करू नका. मला मधे पडून थांबवता येणार नाही.

माझे पाय आता जरा जड झाले आहेत, बाकी बरी आहे. लिहायला हात चालतो तोवर लोभ असाच कागदावर येत राहील.

एकच सांगायचं होतं. तू आलीस की सवयीने जिन्यावरूनच मला हाक मारशील. ओ मिळणार नाही. मग आणखी मोठ्याने मारशील. तेव्हा घरात कुणी नाही असं समजू नकोस. मी ऐकलेलं असेल आणि उठलेली असेन. दारापर्यंत यायला मला वेळ लागतो, तेवढं थांब.

तुझी,
आई